पालघरची पोस्ट: मन दुखलं की इजा झाली?

शनिवारी १७ नोव्हेंबर २०१२ला दुपारी बाळासाहेब ठाकरे गेले. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई आणि आजूबाजूचा सगळा पट्टा बंद होता. त्याच रविवारी पालघरमधल्या २१ वर्षांच्या एका तरुणीनं फेसबुकवर इंग्रजीत एक छोटा परिच्छेद लिहिला. तिच्या मैत्रिणीनं तो 'लाइक' केला. स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्यानं तक्रार दिली. संध्याकाळी दोघींना पोलिस ठाण्यात नेण्यात आलं आणि तिकडे जमावानं पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या अस्थिरोग रुग्णालयाची मोडतोड केली. सोमवारी १९ तारखेला दोघींना अटक झाली, न्यायालयात उभं केलं गेलं आणि प्रत्येकी १५,००० रुपयांच्या हमीवर जामीन मिळाला.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. म्हणून पुढच्या कारवाईत ठाणे ग्रामीण पोलिसांचं नाव येतं.

बोलण्यानं दुसऱ्याला त्रास होत असेल तर त्यावर मर्यादा असावी का, या प्रश्नावर तास-तास वाद घालता येतो. पालघरच्या पोलिस ठाण्यात तो एका संध्याकाळी सोडवायचा होता आणि तो चुकला. कुठे चुकला, हे नेमकं दाखवता येतं. त्यासाठी आधी पोस्ट आणि मग लावलेली कलमं शेजारी-शेजारी ठेवून वाचावी लागतात.

पोस्टमध्ये काय होतं

सुरुवातच 'पूर्ण आदर राखून' अशी होती. पुढचा आशय असा: रोज हजारो माणसं मरतात, तरी जग चालू राहतं. एक राजकारणी नैसर्गिक मृत्यूनं गेला म्हणून सगळे वेडे झाले आहेत. भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी आपण शेवटची दोन मिनिटांची शांतता कधी पाळली? आदर कमवावा लागतो, लादता येत नाही. आज मुंबई बंद आहे ती भीतीपोटी, आदरापोटी नाही.

यात शिवी नाही, धमकी नाही. कुठल्या धर्माचा, जातीचा, भाषेचा उल्लेख नाही. कोणी काय करावं असं आवाहनही नाही. रोख बंदवर आहे. शेवटचं वाक्य बोचरं आहे आणि ज्या दिवशी ते लिहिलं गेलं त्या दिवशी ते अनेकांना झोंबलं असणार, हे उघड आहे.

त्या रविवारी रस्त्यावर उतरलेल्या लाखो माणसांचं दुःख खरं होतं. घरातलं कर्तं माणूस जावं तसं ते अनेकांना लागलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल पहिल्या दिवशी वेडंवाकडं बोलू नये ही आपल्याकडची रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. ती मोडली तर समाजाकडे उपाय असतात: कान उघाडणी, अबोला, जाहीर निषेध, त्याच फेसबुक भिंतीवर चार खणखणीत उत्तरं. यातला प्रत्येक उपाय तेव्हा खुला होता. पोलिस ठाणं हा त्या यादीतला पुढचा टप्पा नाही, ती वेगळी जागा आहे. तिथे प्रवेश करायला गुन्हा लागतो.

लावलेली कलमं

सुरुवातीला भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ लावलं गेलं. या कलमाला दोन गोष्टी लागतात. कृत्य हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेलं हवं. आणि त्यातून एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान झालेला हवा. अनवधानानं किंवा बेफिकिरीनं झालेला अपमान या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९५७मध्येच रामजीलाल मोदी प्रकरणात सांगून ठेवलं होतं. पोस्टमध्ये धर्म नव्हताच. नेता कितीही पूजनीय असला तरी कायद्याच्या लेखी तो धर्म होत नाही. मग हे कलम काढून ५०५(२) घालण्यात आलं.

५०५(२) म्हणजे धर्म, वंश, भाषा, प्रदेश, जात अशा आधारावर दोन गटांमध्ये वैर किंवा द्वेष निर्माण करणारी विधानं. इथे कळीचा शब्द 'दोन' आहे. बिलाल अहमद कालू प्रकरणात १९९७ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की किमान दोन गट गुंतलेले असले पाहिजेत. फक्त एकाच गटाच्या भावना चाळवल्या आणि दुसऱ्या कुठल्या गटाचा संबंधच नसेल तर हे कलम लागत नाही. बंद पाळणारे आणि बंद न आवडणारे हे काही धर्मानं किंवा जातीनं पडलेले दोन गट नव्हेत. तेव्हा हेही कलम टिकणारं नव्हतं.

इथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. २९५अ आणि ५०५(२) ही दोन्ही कलमं दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही). त्यांची दखल घेण्याआधी न्यायालयाला शासनाची (५०५(२)साठी शासनाची किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांची) मंजुरी लागते, म्हणजे विधिमंडळानं गैरवापराची भीती ओळखून एक ब्रेक ठेवला होता. पण तो ब्रेक खटल्याच्या दारात आहे, अटकेच्या दारात नाही. मंजुरीची फाइल मंत्रालयात जाईपर्यंत माणूस कोठडी पाहून आलेला असतो. बोलण्याच्या गुन्ह्यांमध्ये खरी शिक्षा बहुतेक वेळा निकालात नसते, ती पहिल्या ४८ तासांत भोगून होते.

तिसरं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. हे मात्र बसलं, कारण ते कशालाही बसत होतं. 'घोर अपमानकारक' किंवा 'धमकावणाऱ्या स्वरूपाची' माहिती पाठवणं. खोटी असल्याचं माहीत असूनही 'चीड, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, वैर, द्वेष, दुर्भाव' यांसाठी वारंवार माहिती पाठवणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड. यातल्या एकाही शब्दाची व्याख्या कायद्यात नव्हती. चीड आणि धोका एकाच दावणीला बांधले होते. शेजाऱ्याच्या मोठ्या आवाजातल्या गाण्यानंही चीड येते. धोका ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे.

आणि ज्या कलमाचा विचार झाला नाही ते अब्रुनुकसानीचं. मृत व्यक्तीच्या बदनामीची सोय कलम ४९९च्या पहिल्या स्पष्टीकरणात होती: ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता असा आरोप हवा, आणि तो कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेला हवा. म्हणजे 'मन दुखावलं' याला कायद्यात जागा होती, पण मोजूनमापून दिलेली. हक्क कुटुंबाचा, रस्त्यावरच्या कोणाचाही नाही. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलिसांनी अटक करायची नाही, दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करायची. शिवाय पोस्टमध्ये गेलेल्या व्यक्तीवर आरोप असा कुठलाच नसल्यानं हे दारही उघडलं नसतं. बरोबर दार बंद असलं की चुकीच्या दारानं आत शिरायचं, असं या प्रकरणात झालं.

त्या दिवशी इजा कोणाला झाली

जमाव दाराशी असताना गुन्हा नोंदवला की जमाव पांगतो, हे ठाण्यात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या तासापुरता तो उपाय लागूही पडतो. पण त्यातून जमावाला एक पक्का धडा मिळतो: पुढच्या वेळी थोडे जास्त लोक आणायचे. मग कोणाच्या भावना कायद्याला दिसणार हे भावनेच्या खोलीवर ठरत नाही, दाराशी किती डोकी उभी आहेत त्यावर ठरतं. ज्यांच्याकडे जमाव नाही त्यांचं मन रोज दुखावलं तरी त्यांची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंदसुद्धा लिहून घेतली जात नाही.

सर्वोच्च न्यायालयानं एस. रंगराजन प्रकरणात १९८९ला हे स्पष्ट केलं होतं. निदर्शनं, मोर्चे किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धमकीपुढे शरण जाणं. शब्द आणि धोका यांचं नातं दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीसारखं थेट असलं पाहिजे. पालघरमध्ये ठिणगीचं गणित उलटं मांडलं गेलं. मोडतोड झाली ती बोलणारीच्या नातलगाची. पोस्ट वाचून पेटलेले लोक दुसऱ्या कुणावर धावून गेले नाहीत, ते पोस्ट लिहिणारीच्या घरच्यांवर धावून गेले. त्या दिवशी इजा झालेला पक्ष एकच होता आणि अटकेची घाई त्याच पक्षाच्या बाबतीत झाली. रुग्णालयाच्या मोडतोडीबद्दल नंतर काही जणांना अटक झाली.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना लिहिलं. कोकण परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांकडून चौकशी झाली. नोव्हेंबर संपण्याआधीच ठाणे ग्रामीणचे अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, जामिनाचा आदेश देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची बदली झाली. दोघींवर दोषारोपपत्र दाखल झालं नाही, पोलिसांनी प्रकरण बंद केलं. अधिकाऱ्यांवरची कारवाई योग्य होती, पण ती पुरेशी नव्हती, कारण ६६अ तसंच राहिलं. उद्या दुसऱ्या ठाण्यात दुसरा निरीक्षक तेच करू शकत होता.

एक कलम कुठून आलं

६६अ मूळ २०००च्या कायद्यात नव्हतं. डिसेंबर २००८मध्ये दुरुस्ती विधेयक संसदेत चर्चेविना मंजूर झालं आणि २७ ऑक्टोबर २००९पासून ते लागू झालं. त्याची वंशावळ मात्र जुनी आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यात १९३५ला टेलिफोनवरून 'घोर अपमानकारक, अश्लील किंवा धमकावणारा' संदेश पाठवणं गुन्हा ठरलं. ते शब्द एका कायद्यातून दुसऱ्यात फिरत २००३च्या ब्रिटिश कम्युनिकेशन्स कायद्यापर्यंत आले, आणि तिथून आपल्याकडे.

टेलिफोनसाठी हे शब्द समजण्यासारखे आहेत. घंटा घरात वाजते, ऐकणारा एकटा असतो, फोन उचलेपर्यंत पलीकडे कोण आहे हे कळत नाही. एका माणसाला एकट्यात गाठून छळणं वेगळं आणि चारचौघांत मत मांडणं वेगळं. पहिल्यात ऐकणाऱ्याला पळायला जागा नसते. दुसऱ्यात तो पान उलटू शकतो, उत्तर देऊ शकतो. ६६अनं हा फरक पुसून टाकला: एकट्यादुकट्याला पाठवलेला ई-मेल आणि भिंतीवरची पोस्ट, दोन्हींना एकच माप.

दिल्लीतली सुनावणी

पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल या तरुणीनं नोव्हेंबर २०१२च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढे इतर याचिका तिला जोडल्या गेल्या. केंद्रानं ९ जानेवारी २०१३ला सूचना काढली की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. न्यायालयानं मे महिन्यात ती बंधनकारक केली. २४ मार्च २०१५ला न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी कलम संपूर्ण रद्द केलं.

निकालाची वाट समजून घेण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२)मध्ये मर्यादेची कारणं मोजकी दिलेली आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. 'चीड' त्यात नाही, 'गैरसोय' नाही, 'भावना दुखावणं' हेही स्वतंत्र कारण म्हणून नाही. आपल्याकडे रोजच्या बोलण्यात 'भावना दुखावल्या' हा जणू घटनेतलाच शब्द असल्यासारखा वापरला जातो. तो घटनेत नाही.

सरकारचा युक्तिवाद होता की गैरवापर होतो म्हणून कलम वाईट ठरत नाही, आम्ही ते जबाबदारीनं वापरू. न्यायालयाचं उत्तर असं की सरकारं येतात आणि जातात, ६६अ मात्र कायम राहतं. आजच्या सरकारचं आश्वासन उद्याच्या सरकारवर बंधनकारक नाही.

शब्द किती निसरडे आहेत हे दाखवायला न्यायालयानं दोन ब्रिटिश खटले घेतले. एकात खासदाराच्या कार्यालयात दोन वर्षं फोन करून वांशिक शिवीगाळ करणारा माणूस होता. खालच्या न्यायालयांनी हे 'घोर अपमानकारक' नाही म्हटलं, हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, २००६ला आहे म्हटलं. दुसऱ्यात बर्फामुळे विमानतळ बंद पडल्यावर वैतागून तो उडवून देण्याचं ट्वीट करणारा प्रवासी होता. त्याला आधी दोषी ठरवलं, २०१२ला निर्दोष सोडलं. त्याच शब्दांवर अनुभवी न्यायाधीशांचं एकमत होत नसेल तर ठाण्यातल्या हवालदारानं किंवा २१ वर्षांच्या मुलीनं सीमा कुठे आहे हे कसं ओळखायचं?

निवाड्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तीन पायऱ्या: चर्चा, कैवार, चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवर कायद्यानं हात लावायचा नाही, मग बोलणं कितीही न पटणारं असो. तिसऱ्या पायरीवर १९(२) सुरू होतं. बंदच्याच उदाहरणावर हे करून पाहा. 'असा बंद पाळणं चूक आहे' ही चर्चा. 'बंद मोडला पाहिजे, सगळ्यांनी दुकानं उघडावीत' हा कैवार. 'उद्या नऊ वाजता अमक्याच्या दुकानावर दगड घेऊन या' ही चिथावणी. तिला जागा आहे, वेळ आहे, माणूस आहे, कृती आहे. पालघरची पोस्ट पहिल्या पायरीवरून हललेली नव्हती.

याच निकालात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चा, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुरासाठी संकेतस्थळ कधी जबाबदार याचा, अर्थही लावला गेला. कोणीही तक्रार केली म्हणून संकेतस्थळ मजकूर काढायला बांधील नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना लागते. मजकूर अडवण्याचे सरकारचे अधिकार देणारं ६९अ मात्र टिकलं, कारण त्यात कारणं १९(२)शी जोडलेली होती आणि कारणं लेखी नोंदवण्याची कार्यपद्धती ठरलेली होती.

मग मर्यादा कुठे हवी

मर्यादा हवीच. ती कुठे हवी हे पाहायला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जावं लागतं. १ जुलै २०१८ला राईनपाडा गावात जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. पालघर जिल्ह्यातच डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२०च्या रात्री अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले.

त्या संदेशांनी कोणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. ते वाचून कोणी ठाण्यात तक्रार द्यायला गेलं नाही. उलट पाठवणाऱ्याला वाटत होतं की आपण गावाचं भलं करतो आहोत. आणि त्या शब्दांनी माणसं मेली. आमचं म्हणणं या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपोआप पुढे येतं: ऐकणाऱ्याला किती लागलं हे मर्यादेचं माप नव्हे. ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याच्या जिवाला, घराला, पोटापाण्याला आणि समाजातल्या उभं राहण्याच्या जागेला त्या शब्दांनी काय होणार आहे, हे माप आहे. या मापानं पालघरची पोस्ट निर्दोष ठरते आणि राईनपाड्याचा संदेश भयंकर ठरतो. लोकांच्या मनातल्या चिडीच्या मापानं नेमकं उलटं झालं असतं.

हे माप वापरणं सोपं नाही. आपल्या न्यायालयांची एक जुनी कसोटी नागपूरची आहे. तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल प्रकरणात म्हटलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेतून मोजावा; दुबळ्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेतून नव्हे. १९४७च्या अहवालात छापलेलं ते वाक्य आजही उद्धृत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले इथे एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा नोंदवला गेला होता. ५ ऑगस्टला, म्हणजे कलम ३७० हटवल्याच्या दिवसाला, काळा दिवस म्हणणं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं, असा तो मजकूर. मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ला तो रद्द केला, आणि त्यात हीच कसोटी वापरली.

कसोटी चांगली आहे, पण एकटी पुरत नाही. गावाबाहेर पालावर राहणारं कुटुंब धीट असून उपयोग नसतो. त्याच्याबद्दल पसरलेल्या अफवेचा परिणाम त्याच्या धीटपणावर अवलंबून नाही. इथे सर्वोच्च न्यायालयाचा ७ डिसेंबर २०२०चा अमिष देवगण निकाल कामाचा आहे. बोलणारा कोण, त्याच्या शब्दाला वजन किती, ऐकणारे कोण, कोणाबद्दल बोललं जातं आहे, जागा आणि वेळ कोणती हे पाहायचं; मजकूर, हेतू आणि संभाव्य इजा या तिन्ही अंगांनी पाहायचं. हजारोंच्या सभेत नेत्यानं म्हटलेलं वाक्य आणि विद्यार्थिनीनं आपल्या भिंतीवर लिहिलेलं वाक्य शब्दशः सारखं असलं तरी कायद्यानं त्यांना सारखं धरू नये.

मेलेलं कलम चालत राहिलं

६६अ रद्द झाल्यावरही गुन्हे नोंदवले जात राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे ठेवले: मार्च २०२१मध्ये ११ राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत या कलमाखाली ७४५ प्रकरणं प्रलंबित होती. कारणांपैकी एक अगदी साधं आहे. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसंच्या तसं होतं. ते रद्द झाल्याची नोंद पानाच्या तळाशी बारीक टाइपातल्या टीपेत. ठाण्यातला अंमलदार पुस्तक उघडून कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ला निकालाच्या प्रती उच्च न्यायालयं, मुख्य सचिव आणि पोलिस महासंचालकांकडे पाठवायला सांगितल्या. तरी फरक पडला नाही म्हणून १२ ऑक्टोबर २०२२ला सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठानं आदेश दिला: या कलमाखाली कोणावरही खटला चालवायचा नाही, प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख काढायचा, आणि कायदा छापताना ते रद्द झाल्याचं वाचकाला नीट कळेल असं छापायचं.

तीच संध्याकाळ आज असती तर

आता दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या २९५अचं कलम २९९ झालं, ५०५(२)चं ३५३(२), गटांमध्ये वैर वाढवण्याबद्दलच्या १५३अचं १९६, अब्रुनुकसानीचं ३५६. शब्द जवळपास तेच आहेत, त्यामुळे जुने निवाडेही लागू राहतात. कार्यपद्धतीत मात्र काही नवी साधनं आली आहेत.

तक्रारदार बहुधा स्क्रीनशॉट घेऊन येतो, आणि तो बहुधा कापलेला असतो. ठाणे अंमलदारानं आधी पूर्ण मजकूर मूळ भाषेत, दुव्यासकट, तारीख-वेळेसकट मागावा. पालघरच्या पोस्टचं पहिलं वाक्य 'आदर राखून' होतं. फक्त शेवटचं वाक्य कापून आणलं तर ते दिसणारच नाही. तो मजकूर पुरावा म्हणून टिकवायचा असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र, हॅश मूल्यासह (मजकुरात नंतर बदल झाला तर तो पकडणारा आकडा), लागतं. ते पहिल्याच दिवशी घेतलेलं बरं, पोस्ट काढून टाकल्यावर घेता येत नाही.

मग तक्रारदाराला एकच विचारायचं आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं: नेमकं कोणतं वाक्य, ते कोणाविरुद्ध, आणि त्यानं काय होईल असं तुम्हाला वाटतं? उत्तर 'आम्हाला वाईट वाटलं' एवढंच असेल तर दखलपात्र गुन्हा उभा राहत नाही. उत्तरात 'अमक्या वस्तीवर लोक चालून जातील' असं असेल तर एक मिनिटही दवडायचं नाही.

मधल्या प्रकरणांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम १७३(३) आहे. ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी २८ मार्च २०२५च्या इम्रान प्रतापगढी निकालात म्हटलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणंच योग्य. दाराशी जमाव असताना निरीक्षकाला हे कलम फार कामाचं आहे: तक्रार घेतली, पोच दिली, चौकशी सुरू झाली, असं तो खरेपणानं सांगू शकतो आणि कोणाला कोठडीत घालावं लागत नाही. गुन्हा नोंदवलाच तर आधी त्याच संहितेच्या कलम ३५(३)ची, अटकेऐवजी चौकशीला हजर राहायला सांगणारी नोटीस. आणि स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची नाही. अपवाद करायचाच तर महिला अधिकाऱ्यानं, लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेऊन. 'अटक नाही, फक्त ठाण्यात बसवून ठेवलं आहे' ही पळवाट आहे, आणि न्यायालयात ती पळवाट म्हणूनच ओळखली जाते.

पोस्ट लिहिणारीच्या घराला आणि नातलगांच्या कामाच्या जागेला त्याच संध्याकाळी बंदोबस्त द्यायला हवा. पत्ता शोधून पसरवणारे संदेश, 'धडा शिकवू' असे निरोप, बलात्काराच्या धमक्या हे सगळं तक्रारीसारखंच जपून ठेवायचं. त्यात न्याय संहितेच्या कलम ३५१खालचा धाकदपटशा बसतो. आणि मोडतोड झालीच तर तिचा वेगळा गुन्हा, वेगळा तपासी अंमलदार. वैद्यकीय सेवा संस्थांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१०पासून स्वतंत्र कायदा आहे: दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय फुटलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. म्हणून पंचनामा करताना 'यंत्रसामग्रीचे नुकसान' असं मोघम लिहून भागत नाही. प्रत्येक उपकरणाचं नाव, त्याचा अनुक्रमांक, काय फुटलं आहे आणि काय वाकलं आहे ते लिहायचं, छायाचित्रं काढायची आणि डॉक्टरांकडून खरेदीची बिलं मागून घेऊन जोडायची.